मुलगी हॉस्टेलवर निघाली आहे, तिच्या फोनमध्ये काय टाकून देऊ?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी बारावी झाली, लातूरहून पुण्याला इंजिनिअरिंगला निघाली आहे, नोव्हेंबरमध्ये तिला अठरा पूर्ण होतील. चोवीस तास लोकेशन दिसणारं ॲप फोनमध्ये टाकल्याशिवाय पाठवणार नाही, असं तिचे बाबा म्हणतात. असलं ॲप टाकणार असाल तर फोनच नेणार नाही, असं ती म्हणते. मधे तुम्ही. आणि तुम्ही विचारलंय की मुलींवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारापासून बचाव करणारं सगळ्यात भरवशाचं ॲप कोणतं.

मी एकोणीस वर्षं पुण्यात कॉलेजच्या मुलींचं समुपदेशन करते आहे आणि काही महाविद्यालयांच्या अंतर्गत तक्रार समित्यांवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समित्यांवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते. फोनमध्ये काय काय करून द्यायचं ते पुढे सांगतेच. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. ‘ती कुठे आहे हे आम्हाला कळेल का?’ हा एक. ‘ती अडचणीत सापडली तर कुणाला हाक मारेल, आणि तो माणूस लगेच उठून येईल का?’ हा दुसरा. बाबांनी धरलाय तो पहिला प्रश्न. माझ्यासमोर बसून रडलेल्या बहुतेक मुलींचं घोडं अडलं होतं ते दुसऱ्यापाशी.

धोका कुठून येतो ते बघू. आपल्या डोळ्यांपुढे अंधारा रस्ता, रिकामी बस, अनोळखी माणूस येतो. तसं घडतं, आणि घडतं तेव्हा भयंकर असतं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२१ चे आकडे घ्या. देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले आणि त्यातल्या ९६ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा होता. हे फक्त पोलिसांपर्यंत पोचलेले गुन्हे आहेत, आणि लग्नाचं वचन देऊन फसवल्याच्या तक्रारीही त्यातच मोजल्या आहेत, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा कॉलेजच्या मुलींना लावता येणार नाही. तरी माझ्याकडे येणाऱ्या मुलींचं चित्र याहून फार वेगळं नाही. वर्गातला मुलगा. प्रोजेक्टमध्ये मदत करणारा सीनियर. सहा महिने ज्याच्याबरोबर फिरली तो मित्र. चुलत भावाचा रूममेट. क्लासचे सर. पीजीच्या मालकाचा मुलगा. जागा म्हणाल तर वाढदिवसाला भाड्याने घेतलेला फ्लॅट, सहलीतली खोली, सुट्टीच्या दिवशी उघडलेली लॅब.

आता त्या खोलीत फोनवरचं संकटाचं बटण कसं चालेल याचा विचार करा. हे धोक्याचंच चाललंय हे तिला ओळखता यायला हवं. फोन हातात हवा. प्रत्यक्षात तो चार्जिंगला लावलेला असतो, किंवा ‘गाणं लावतो’ म्हणून त्यानेच घेतलेला असतो. हात चालायला हवेत. स्टॉकहोमच्या एका रुग्णालयात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्या वेळी शरीर लाकडासारखं ताठरलं होतं, हलताच आलं नाही, ओरडताही आलं नाही. हे शरीर आपोआप करतं, मनाचा कमकुवतपणा नव्हे. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे देव न करो पण तशी वेळ आलीच तर ‘मी काहीच का केलं नाही’ म्हणून ती पुढची दहा वर्षं स्वतःला खात बसणार नाही.

आणि एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट उरते, ती सगळ्यात अवघड. काल ज्याच्याबरोबर कँटीनमध्ये मिसळ खाल्ली त्याच्यावर पोलिसांना बोलवायला तिचं मन तयार हवं. एका मुलीने मला सांगितलं होतं, “मॅडम, फोन हातात होता. पण पोलीस आले असते तर घरी कळलं असतं, आणि घरी कळलं असतं तर मला परत नेलं असतं.” त्या क्षणी तिला समोरच्या मुलापेक्षा घरच्यांची भीती जास्त वाटली. हे वाक्य इतक्या मुलींनी इतक्या वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापुढे उच्चारलंय की आता कुणी मला ॲप विचारलं की मी आधी घराबद्दल विचारते.

तरीही बटणाची सोय करून द्याच, ती फुकट आहे आणि दहा मिनिटांचं काम आहे. संकटकाळचा देशभराचा क्रमांक ११२. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये पॅनिक बटणाची सोय असणं बंधनकारक आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायचं, असं त्या नियमात आहे. आजच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मात्र ते पाचदा दाबावं लागतं, आयफोनवर मॉडेल आणि सेटिंगप्रमाणे बदलतं. म्हणून कुणाचा व्हिडिओ बघून पाठ करू नका. तिच्याच फोनच्या सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ किंवा ‘इमर्जन्सी एसओएस’ असं जे काही असेल ते उघडा, किती वेळा दाबायचं, दाबल्यावर उलटी मोजणी होते की थेट फोन लागतो, कुणाला मेसेज जातो, हे सगळं तिथेच वाचा. सराव करताना खरोखर ११२ लागणार नाही याची काळजी घ्या. ‘११२ इंडिया’ हे सरकारी ॲप आहे. त्यात ‘शाउट’ नावाची सोय आहे, तिने पोलिसांबरोबरच आसपासच्या नोंदणी केलेल्या स्वयंसेवकांनाही खबर जाते. नाव-नंबर भरून नोंदणी आधीच करून ठेवावी लागते, संकटात ओटीपीची वाट बघायला वेळ नसतो.

इथे दोन बारीक गोष्टी आहेत, ज्यांच्यापायी चांगली ॲप निकामी झालेली मी पाहिली आहेत. पुष्कळ फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली ॲप स्वतःहून बंद करून टाकतात, तेव्हा सुरक्षेच्या ॲपला त्या बॅटरी-बचतीतून वगळावं लागतं आणि लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्यावी लागते. दुसरी गोष्ट, महिनाअखेरीला डेटा संपलेला असतो. आणीबाणीचा साधा कॉल डेटाशिवायही लागतो, पण व्हॉट्सॲपचं लोकेशन जात नाही. रिचार्ज आणि एक बरी पॉवर बँक, हा खर्च घरच्यांनी न कुरकुरता करावा.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. २०११ मध्ये अमेरिकेत व्हाइट हाउसने महाविद्यालयीन तरुणींवरचे अत्याचार रोखणाऱ्या ॲपसाठी एक स्पर्धा घेतली होती. त्यात जिंकलेल्यांपैकी एकाचं नाव होतं ‘सर्कल ऑफ सिक्स’. पुढे दिल्लीसाठीही त्याची आवृत्ती निघाली. त्याची कल्पना साधी आणि फार शहाणी होती. फोनमध्ये विश्वासाची सहा माणसं ठरवून ठेवायची, आणि दोनदा टिचकी मारली की त्यांना तयार मेसेज जायचा: ‘मी इथे आहे, मला न्यायला ये’, किंवा ‘मला आत्ता फोन कर, मला इथून निघायला निमित्त हवंय’. हा दुसरा मेसेज ज्यांनी सुचवला त्यांना मुलींचं आयुष्य कळलं होतं. कारण धोका शिगेला पोचण्याआधी अर्धा-एक तास असा असतो की मुलीला नुसतं ‘काहीतरी बरं वाटत नाहीये’ इतकंच वाटतं. सगळे निघून गेलेत आणि तो म्हणतोय ‘थांब ना, मी सोडतो’. नको म्हटलं तरी ग्लास पुन्हा भरला जातोय. पोलिसांना सांगण्यासारखं अजून काही घडलेलं नाही, पण तोंडावर ‘मी जाते’ म्हणायला संकोच वाटतोय, कारण तो चिडेल, ग्रुपमध्ये हसं होईल, आगाऊ म्हणतील. त्या अर्ध्या तासात तिला एक निमित्त मिळालं तर ती सुटते.

यासाठी वेगळ्या ॲपची गरज उरलेली नाही. मी मुलींना असं करायला लावते. पहिल्या महिन्यात तीन-चार जणी आपसात ठरवा. व्हॉट्सॲपवर वेगळा ग्रुप करा, तो वर पिन करून ठेवा. एक वाक्य ठरवा, जे कुणी वाचलं तरी साधंच वाटेल. एका खोलीतल्या मुलींनी ठरवलं होतं, ‘माझी निळी ओढणी तुझ्याकडे राहिली का?’ हा मेसेज दिसला की जिला पहिल्यांदा दिसेल तिने दोन मिनिटांत फोन करायचा आणि मोठ्या आवाजात सांगायचं, ‘अगं, तुझी आत्या आलीय, खाली उभी आहे, वॉर्डन बोलावतायत.’ दुसरीने रिक्षा किंवा कॅब करून निघायचं. लाइव्ह लोकेशन व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी पाठवता येतं. रात्री कुठे जायचं असेल तर जातानाच आठ तासांचं लावून ठेवायचं, मैत्रिणींना. आणि एकत्र गेलेल्यांनी एकत्रच परतायचं, एकीला ‘ती मजेत आहे’ म्हणून मागे सोडून यायचं नाही. या ग्रुपमध्ये पुण्यातलं एखादं मोठं माणूस असावं, ज्याच्याकडे गाडी आहे आणि जे रात्री दोनला फोन उचलेल. मावशी असेल, तुमच्या गावची एखादी नोकरी करणारी मुलगी असेल. कोण ते तुमच्या माणसांवर अवलंबून आहे. पण त्या माणसाला आधी विचारा, गृहीत धरू नका, आणि मुलीला त्याच्याशी बोलताना मोकळं वाटतं का हेही विचारा.

आता बाबांच्या अटीकडे येते. त्यांच्या काळजीला मी नावं ठेवत नाही. पण एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. एका मुलीच्या फोनवर घरच्यांनी कायमचं लोकेशन लावलं होतं. रोज रात्री नऊला तिकडून फोन यायचा, ‘एफसी रोडला काय करत होतीस?’ दोन महिन्यांत तिने युक्ती शोधली. बाहेर जायचं असलं की फोन रूममेटकडे ठेवून जायची. घरच्यांच्या स्क्रीनवर ती हॉस्टेलमध्ये अभ्यास करत असायची. एका शनिवारी ती ग्रुपबरोबर शहराबाहेरच्या फार्महाउसवर गेली आणि तिथे ओळखीच्या मुलाने तिच्यावर जबरदस्ती केली. तिच्याजवळ फोन नव्हता. मैत्रिणीचा नंबर पाठ नव्हता. पहाटेपर्यंत ती बाथरूमची कडी लावून बसून राहिली. घरच्यांना चार महिन्यांनी कळलं तेव्हा तिचे वडील माझ्यासमोर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “पण ती तर हॉस्टेलमध्ये दिसत होती.” तुमची मुलगी ‘फोनच नेणार नाही’ म्हणते आहे ना ताई, ते उर्मट बोलणं म्हणून सोडून देऊ नका. पाळत असली की मुली नेमकं हेच करतात.

पाळतीचा आणखी एक परिणाम असतो, तो उशिरा लक्षात येतो. घरात प्रेम म्हणजे लोकेशन आणि पासवर्ड, अशी सवय लागली की पुढे एखादा मित्र ‘प्रेम असेल तर लोकेशन चालू ठेव, पासवर्ड दे’ म्हणाला तर त्यात तिला काही वावगं वाटत नाही. मी पाहिलेल्या कितीतरी त्रासदायक नात्यांची सुरुवात इथून झाली आहे. बाईचा फोन, ईमेल, इंटरनेटचा वापर तिच्या इच्छेविरुद्ध पाळतीवर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, हे तिला माहीत असू द्या. आणि महिन्यातून एकदा तिने स्वतः फोन तपासावा: व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये कुणाचा लॅपटॉप जोडलेला तर नाही, गूगल मॅप्समध्ये कुणाला लोकेशन चालू राहून तर गेलेलं नाही, स्नॅपचॅटच्या नकाशावर ती सगळ्यांना दिसते की ‘घोस्ट मोड’मध्ये आहे, गूगलच्या खात्यावर कुठकुठली उपकरणं लॉग-इन आहेत.

मग मध्यम मार्ग कुठला? माझ्याकडे येणाऱ्या घरांना मी असं सुचवते. लांबच्या प्रवासात, लातूरची रात्रीची बस, पहाटे स्वारगेट किंवा स्टेशनवर उतरणं, अशा वेळी ती स्वतःहून लोकेशन लावेल आणि पोचल्यावर बंद करेल. एरवी नाही. आणि त्याच्या बदल्यात तिच्या बाबांनी तिला एक शब्द द्यायचा, तुम्ही नव्हे, बाबांनीच, कारण भीती त्यांची आहे. साधारण असा: ‘तू कुठेही अस, कुणाबरोबरही अस, कितीही वाजले असोत, आम्हाला खोटं सांगून गेलेली अस, प्यायलेली अस, तरी फोन कर. मी येईन किंवा कुणाला तरी पाठवीन. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. आणि काही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. अत्याचार करणारा मुलगा नेमका त्या वाक्याच्या अभावावर जगतो. ‘सांगशील कुणाला? घरी कळलं तर तुलाच घेऊन जातील’, ही धमकी मी वेगवेगळ्या कॉलेजांच्या चॅटमध्ये जवळजवळ त्याच शब्दांत वाचली आहे.

हे सगळं करून धोका खरंच कमी होतो का, हा प्रश्न रास्त आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत चार्लीन सेन यांनी पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर एक अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलींना नुसती माहितीपत्रकं दिली, अर्ध्यांना बारा तासांचं प्रशिक्षण. वर्षभरानंतर पाहिलं तर पत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. जवळजवळ निम्मं. त्या बारा तासांत कुठलंही ॲप नव्हतं. ओळखीच्या मुलाच्या वागण्यातली सुरुवातीची चिन्हं कशी ओळखायची, ‘त्याला वाईट वाटेल’ हा मनातला अडसर कसा ओलांडायचा, तोंडाने आणि हातापायांनी प्रतिकार कसा करायचा, आणि आपल्याला स्वतःला नात्यात काय हवंय, नकोय, हे शिकवलं होतं. कॅनडा आणि पुणं यांत फरक आहेच. इथे हॉस्टेलची वेळ वेगळी, घराचा धाक वेगळा, लैंगिक विषयावर बोलण्याची सवयच नाही. पण माझा अनुभव त्याच दिशेने बोट दाखवतो. मुलीच्या आईने तिच्याशी या विषयावर एकदा जरी सरळ शब्दांत बोललेलं असलं, तर ती मुलगी माझ्याकडे आठवड्यात येते. न बोललेल्या घरातली मुलगी वर्षाने येते, कधी येतच नाही.

तुम्ही ओघात लिहिलंय की तिचा धाकटा भाऊ दहावीत आहे. मला त्याच्याबद्दलही बोलायचंय. अत्याचार मुलीच्या सावधपणाच्या अभावामुळे होत नाही, करणारा करतो म्हणून होतो. त्याच्या हातातही फोन आहे. वर्गातल्या मुलीचा फोटो ग्रुपमध्ये फिरतो तेव्हा तो काय करतो? गप्प राहतो, हसणारी खूण टाकतो, की ‘काढ तो’ असं लिहितो? पार्टीत एखादी मुलगी शुद्धीत नसेल तर तिची संमती असूच शकत नाही, हे त्याला कुणी सांगितलंय का? बहिणीच्या फोनमध्ये सुरक्षेची चार ॲप टाकताना भावाशी चार वाक्यं बोलायची राहून जातात, बहुतेक घरांत हेच होतं.

आता नको ते घडलंच तर. इथे फोन सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि इथेच मुली घाबरून तो पुसून टाकतात. आधी शरीर, मग फोन. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाने अशा मुलीवर तातडीने आणि मोफत उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ तसं सांगतं. ‘आधी एफआयआर आणा’ म्हणून परत पाठवता येत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, हे तिला माहीत असावं म्हणजे तिथे गेल्यावर धक्का बसत नाही. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात, म्हणून शक्यतो अंघोळ न करता जावं, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. पण अंघोळ केली असली तरी जावंच. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. फार्महाउस दुसऱ्या हद्दीत होतं म्हणून कुणी हाकलू शकत नाही.

फोनमधलं काहीही पुसायचं नाही, त्याचे माफीचे मेसेज, कॉलची यादी, कॅबची पावती, यूपीआयचा व्यवहार, लोकेशनचा इतिहास, सगळं जसंच्या तसं. व्हॉट्सॲपवर आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील तर आधी ते बंद करायचं. स्क्रीनशॉट घेताना वर नंबर आणि तारीख दिसेल असे घ्यायचे, चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करायचं. पण नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन तपासला जातो, म्हणून तो विकू नये, फॉरमॅट करू नये. आणि एक गोष्ट मी मुलींना नेहमी सांगते: त्या रात्री एका माणसाला तरी काय झालं ते लिहून पाठव. समितीच्या एका चौकशीत मैत्रिणीला पहाटे पावणेदोनला पाठवलेला चार ओळींचा मेसेजच सगळ्यात बोलका ठरला होता, कारण तो सुचून, ठरवून लिहिलेला नव्हता.

फोटो किंवा व्हिडिओची धमकी असेल तर पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो तर नाहीतच. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बायका-मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळी तक्रार करता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक मोफत सोय २०२१ च्या अखेरीपासून आहे. त्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तिच्याच फोनवर फोटोचा एक अंकांचा ठसा तयार होतो, तेवढाच सहभागी समाजमाध्यमांना जातो आणि तो फोटो तिथे कुणी चढवायला गेलं तर अडवता येतो. ती अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहे; त्याखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची तशीच सोय आहे.

वयाचं एवढ्यासाठीच सांगते की नोव्हेंबरपर्यंत तुमची मुलगी कायद्याने बालक आहे. आपल्याकडे अकरावीपासूनच ‘कॉलेज’ म्हणतात, त्यामुळे हे विसरायला होतं. तोवर काही घडलं तर पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागतो, आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, मी समुपदेशक असले तरी मलाही. म्हणून अठराच्या आतल्या मुलीला मी ‘हे आपल्या दोघींतच राहील’ असा शब्द देऊ शकत नाही. पहिल्याच भेटीत मी हे तिला सांगून टाकते.

कॉलेजकडूनही काही गोष्टी मागून घ्या. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, विद्यार्थिनीचं प्रकरण असेल तेव्हा त्यात विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. इंजिनिअरिंगसारख्या तंत्रशिक्षण संस्थांसाठी एआयसीटीईचे, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे, २०१६ चे नियम आहेत. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळू शकतात. प्रवेशाच्या दिवशी समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि ईमेल विचारा. सांगता येत नसेल तर तेही काहीतरी सांगून जातं. आणि हॉस्टेलच्या वॉर्डनना एक प्रश्न नक्की विचारा: गेट बंद झाल्यावर मुलगी आली तर काय करता? काही ठिकाणी दार उघडत नाहीत, नाहीतर घरी फोन करून सगळ्यांसमोर अपमान करतात. गेटची वेळ टळली म्हणून मित्राच्या फ्लॅटवर रात्र काढायला लागलेल्या मुली माझ्याकडे आल्या आहेत. सुरक्षेसाठी केलेल्या त्याच नियमाने त्यांना त्या फ्लॅटवर पोचवलं होतं. ‘उशीर झाला तरी आधी आत घेतो, विचारायचं ते सकाळी विचारतो’ असं वॉर्डन म्हणाल्या तर ते हॉस्टेल निवडा, खोल्या थोड्या लहान असल्या तरी.

निघायच्या आधी एक संध्याकाळ राखून ठेवा, चौघांनी बसून. तिचा फोन तिच्याच हातात राहू द्या, सेटिंग ती करेल. ११२ ची सोय, दोन आपत्कालीन नंबर, लॉक स्क्रीनवर रक्तगट. तीन नंबर तिला तोंडपाठ हवेत, फोन हातात नसतानाचे. ओढणीचं वाक्य ती मैत्रिणींबरोबर नंतर ठरवेल, पण घरासाठीही एक वेगळं वाक्य ठरवा. मग ती गच्चीवर जाऊन तो मेसेज पाठवेल आणि बाबा फोन करून निमित्त सांगतील, एकदा करून बघा. पहिल्यांदा बहुतेक बाबा गोंधळतात, ‘काय झालं, कुठे आहेस, कोण आहे तिथे?’ असंच तोंडून येतं. पुन्हा करायला सांगा. ‘अगं, आजीला दवाखान्यात नेलंय, खाली ये, गाडी पाठवलीय’ एवढंच, कसलाही प्रश्न न विचारता, त्यांना म्हणता येईपर्यंत.